परकारांचा एक मिलिमीटर

गेल्या रविवारी सकाळी सव्वासात वाजता अन्वर परकार यांनी दोह्यातल्या आमच्या कर्करोग विभागातलं रेडिएशनचं मशीन बंद केलं. बाहेर नऊ पेशंट बसले होते. कारण एक मिलिमीटर.

परकार आमचे फिजिसिस्ट, मी मशीन चालवणारा टेक्निशियन. मूळचे दापोलीकडचे, अल अझीझियात एकटेच राहतात. मशीनच्या तोंडाशी धातूच्या एकशेवीस पात्या असतात. त्या सरकून किरणांना गाठीचा आकार देतात. त्या नेमक्या जागी पोचतात का, हे मोजणं परकारांचं काम. दुर्दैवाने त्यांचं मोजणं कामापुरतं थांबत नाही. आमच्याकडे जेवायला आले, तर खिशातून पाणसळ काढून टेबलावर ठेवली आणि टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवेपर्यंत बिर्याणीला हात लावला नाही. बायकोने पुन्हा बोलावलं नाही. सहा वर्षांत त्यांनी कोणाला ‘कसे आहात’ विचारलेलं मी ऐकलेलं नाही. ‘मोजलंत का?’ एवढंच.

रविवारी भिंगातून तपासणीची फिल्म बघत ते म्हणाले, “सदतिसावी पाती मागे राहतेय. खलास, मशीन बंद.”

“परकारसाहेब, सॉफ्टवेअर सगळं ओके म्हणतंय,” मी म्हणालो.

“त्याने मशीन उभं असताना बघितलंय. आडवं करून बघा. पाती स्वतःच्या वजनाने अडकते.”

“एका मिलिमीटरने आभाळ कोसळणार आहे का?”

“कासमभाईचं कोसळेल.”

कासमभाईही दापोलीकडचेच, इथे हमद पोर्टवर क्रेन चालवतात. गाठ उजव्या डोळ्यामागे. किरण जरा सरकले तर नजर जाईल, आणि नजरेबरोबर क्रेन.

मॅनेजरने इंग्रजीत आरडाओरडा केला. आठ पेशंटना दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. कासमभाई उठलेच नाहीत. दुपारी इंजिनिअरने पातीची मोटर बदलली. जुनी झिजली होती. परकारांनी मशीन चारही बाजूंना फिरवून मोजलं. मग, अर्थातच, पुन्हा मोजलं.

डोकं हलू नये म्हणून मी कासमभाईंच्या चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आवळू लागलो, तेव्हा त्यांनी विचारलं, “डोळा राहील ना?” आम्ही बाहेर आलो, दार लागलं. पेशंटशी बोलणं फिजिसिस्टचं काम नाही. परकारांनी माझ्या पुढ्यातला माइक ओढून घेतला.

“कासमभाई, मी अन्वर. सगळं दोनदा मोजलंय. हलू नको. यंदा गावी आंबा कसा आहे, सांगतो तुला.”

किरण थांबेपर्यंत ते आंब्यावर बोलत होते. मग आत गेले, मुखवटा सोडवला आणि कासमभाईंचा डावा डोळा तळहाताने झाकला.

“समोरच्या घड्याळात किती वाजले?”

“तीन बावीस.”

तीन वाजून बावीस मिनिटं झाली होती.