इंगळेआजोबांचं मंत्रिमंडळ

आमच्या शेजारचे इंगळेआजोबा शाळेत जाणाऱ्या प्रत्येक पोराला फाटकात अडवून मंत्री करतात. शपथविधीला अर्धं केळं मिळतं.

मुलांनो, आजी थट्टा करत नाही. अमरावतीला येऊन पाहा. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला हा माणूस रोज सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट आणि पायात स्लिपर अशा थाटात समोरच्या शाळेच्या फाटकाशी उभा असतो. “कोनतंच पोरगं रिकामं नसते वैनी,” ते मला सांगतात, “त्याचं खातं सापडाले पायजे.” सारखं ‘काहून?’ म्हणजे ‘का?’ विचारणाऱ्या श्रेयाला त्यांनी काहून खातं दिलं. चुगलखोर ओमला गृहखातं. तेव्हापासून दोघंही घंटेआधी हजर. श्रेयाच्या प्रश्नांनी बेजार होऊन बाई तक्रार घेऊन आल्या, तर त्यांनाही अर्धं केळं आणि पाणीपुरवठा खातं मिळालं.

अडला तो पहिलीतला सोहम. फाटकाच्या खांबाला मिठी मारून रडायचा. आईनं ओढलं तर खांब हलेल, हा हलणार नाही. शेवटी आईनं ठरवलं, यंदा घरीच राहू दे. आजोबांनी तिच्याकडून एक आठवडा मागून घेतला. संरक्षण खातं दिलं, सोहमनं केळं परत केलं. आवाज चांगला म्हणून सांस्कृतिक खातं दिलं, तो आणखी मोठ्यानं रडला.

शनिवारी परी नावाची मुलगी फाटकातच पडली आणि भोकाड पसरून बसली. सोहमनं खांब सोडला. तिच्याशेजारी बसला आणि आपला रुमाल दिला. तो आधीच चिंब होता.

“सापडलं,” आजोबा हळूच म्हणाले. “तुह्याकडं सोबत खातं. कोनी एकटं दिसलं का त्याच्यापाशी जाऊन बसाचं. बोलाचं काही काम नाई.”

“आत पन कोनी रडते?” सोहमनं विचारलं.

“लय. तुह्याच भरवशावर हायेत.”

सोहम परीचा हात धरून आत गेला.

मी आजोबांना चहाला बोलावलं. मधल्या सुटीत पोरगं परत आलं तर, म्हणून ते उन्हात थांबले. शिपायानं स्टूल दिलं, त्यावर बसले नाहीत. सुटी झाली. सोहम लांब नळापाशी चार मुलांत पाणी उडवत होता. त्यानं फाटकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“आला नाई पाहा,” आजोबा म्हणाले.

मी म्हटलं, मग आता चला.

“हो,” म्हणाले, आणि फाटकाची कडी धरून तसेच उभे राहिले.