हसूनानांची बोटीवरची बक्षिसी

आमच्या बिल्डिंगमधले हसूनाना हॉटेलात जेवून उठले की बेसिनकडे जात नाहीत, तसेच खरकट्या हाताने भटारखान्यात शिरतात. आत जाऊन मोठ्याने विचारतात, "पापलेट कोनी तललान?" पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, आता भांडण होणार. तव्यापुढचा घामेजलेला माणूस घाबरत घाबरत पुढे येतो. नाना त्याचं नाव विचारतात, गाव विचारतात आणि डाव्या हाताने खिशातली नोट काढून त्याच्या मुठीत कोंबतात. बडीशेपेच्या ताटलीत त्यांनी आजवर एक रुपया ठेवलेला नाही. वेटरने ताटली पुढे केली तर म्हणतात, "तू आनलास, तुना येगला देतू. पन ज्यान तलला त्याचा काय?"

"ज्याचा हात, त्याच्या हातान" हे त्यांचं ब्रीद. पनवेलच्या बाजारात हे सगळ्यांना माहीत आहे. लग्नाला गेले की वधूवरांना आहेर नंतर, आधी मांडवामागे जाऊन आचाऱ्याला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर उशीखालचं पाकीट मागितलं आणि सर्जनच्या हातात शंभराची नोट ठेवली. "हात चांगला हाय तुमचा," म्हणाले. सर्जननी ती घेतली. न घेता सुटका नव्हती.

नाना मूळचे गव्हाण गावचे. शेती होती, मिठागर होतं. जमीन सरकारी प्रकल्पात गेली, पैसे आले आणि नाना पनवेलला आमच्या दुसऱ्या मजल्यावर दोन फ्लॅट एकत्र करून राहायला आले. सोबत नानी. मी तिसऱ्या मजल्यावर. मी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे नानांच्या घरी येणारं प्रत्येक इंग्रजी पत्र आधी माझ्याकडे येतं. गेल्या हिवाळ्यात पत्र आणायचं सोडून नाना स्वतःच आले.

"बाई, बोटीवर जावाचा हाय. मुंबय, गोवा न पुडं बेटं. लगनाला पन्नास वर्सं झाली. तुमी चला."

"मी कशाला, नाना?"

"इंग्रजी बोलाला नको?"

आमच्या ह्यांना तलावातल्या होडीतही पोटात ढवळतं. ते आनंदाने घरी राहिले आणि मी गेले.

बोट कसली, पाण्यात उभी केलेली सोसायटीच ती. आमच्या दोन्ही खोल्या समोरासमोर होत्या आणि दोन्ही सांभाळायला एकच माणूस होता. चाळिशीतला, बुटका, हसरा, बाली बेटावरचा. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं वायन. नानांनी मला ते वाचायला लावलं आणि लगेच त्याला आपल्यात घेतलं. "वायंगनकर! आपलाच हाय!" त्या क्षणापासून तो पाचही दिवस वायंगणकर होता, आणि हाक मारली की ओ देत होता.

वायंगणकरने बॅगा खोलीत ठेवल्या. नानांनी नोट दिली. त्याने वाकून नमस्कार केला, पण तो गोंधळला. बोटीवर पहिल्याच तासाला हातात पैसे कोणी ठेवत नाही. त्याला वाटलं, यांना काहीतरी जास्तीचं हवंय आणि सांगता येत नाहीये. पाच मिनिटांनी तो दोन उशा घेऊन आला. उशा आणल्या म्हणून नानांनी पुन्हा नोट दिली. तो आणखी दोन उशा घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीत डोकावले तर चौदा उशा होत्या, आणि नानी त्यांच्या मधोमध कडेला लागलेल्या होडीसारख्या बसलेल्या.

"बाई, याना सांगा," नानी म्हणाल्या, "आपल्याला काय उश्यांचा दुकान टाकाचा हाय?"

नानींची स्वतःची एक वेगळीच भानगड चालली होती. परक्या माणसाने येऊन आपलं अंथरूण आवरायचं ही कल्पनाच त्यांना सोसेना. वायन यायच्या आत त्या पहाटे उठून चादर झटकून, ताणून, खोचून मोकळ्या व्हायच्या. न्हाणीघरही पुसून काढायच्या. वायन गाडी ढकलत यायचा, दार उघडायचा आणि लख्ख खोली बघून परत फिरायचा. दुसऱ्या दिवशी त्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, माझं काही चुकलं का? त्या मला काम का करू देत नाहीत?" मी त्याला सांगितलं, त्या तशाच आहेत. त्याने मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

खरा घोटाळा तिसऱ्या दिवशी झाला. खोलीतल्या टीव्हीवर आपलं बिल बघता येतं, हे नानांना कोणीतरी सांगितलं. मी ते लावलं आणि वाचून दाखवायला लागले. नानींचं आइस्क्रीम, नानांचे लिंबूसोडे. आणि मग दर दिवशी, दर माणशी एक रक्कम.

"ही कसली?"

"बक्षिसी, नाना. सगळ्या स्टाफची मिळून. इथे ती रोज आपोआप लागते."

नाना उठून उभे राहिले. "आपोआप? मी दिली नाय, तरी दिली?"

"हो."

"कोनाला?"

"सगळ्यांना थोडी थोडी."

"मंजे कोनालाच नाय!" पैशांचा राग नव्हता. पैसे त्याहून जास्त त्यांनी उशांवर उडवले होते. आपल्या हाताने द्यायची गोष्ट कुठल्यातरी यंत्राने परस्पर देऊन टाकली, हा राग होता. "चला बाई. ही काडून टाका बोलाचा. मी माजी सोता देनार."

खालच्या काउंटरवर रांग होती. आमच्या पुढे अर्ध्या चड्डीतले एक गृहस्थ मोबाइलवर कोणालातरी सांगत होते, "अरे, फॉर्म भर आणि काढून टाक. सगळे काढतात. परवा उतरल्यावर कोण ओळखतंय?" नानांनी त्यांच्याकडे बघून मान डोलावली. आपल्यासारखाच कोणीतरी स्वतःच्या हाताने देणारा भेटला, असं त्यांना वाटलं असावं.

तेवढ्यात लिफ्टमधून चादरींची गाडी घेऊन वायन बाहेर आला. नानांनी हात वर केला. "वायंगनकर!"

वायनने आधी नानांकडे बघितलं, मग रांगेकडे, मग काउंटरवरच्या फॉर्मकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. रागाने नाही गेलं, सवयीने गेलं. त्याने मान झुकवली आणि गाडी पुढे ढकलली.

"याला काय झाला?" नाना म्हणाले.

मला कळलं होतं, पण नानांना कसं सांगायचं ते कळत नव्हतं. ते काम काउंटरवरच्या मुलीने केलं. ती नागपूरची निघाली. तिने अगदी शांतपणे, चांगल्या मराठीत समजावलं. ही रक्कम खोली आवरणाऱ्यांत, जेवण वाढणाऱ्यांत वाटली जाते. शिवाय खाली भांडी घासणारे आहेत, चादरी धुणारे आहेत. ते पाहुण्यांना कधी दिसतच नाहीत. पाहुणे फॉर्म भरून ती काढू शकतात. काढली की तेवढी सगळ्यांचीच कमी होते.

"खाली मानसं हायत?"

"हो काका. दोन मजले खाली."

"ती वर येत नाय?"

"त्यांची ड्युटी खालीच असते."

नाना काउंटरला हात टेकून उभे राहिले. मागचे लोक चुळबुळायला लागले. मग नाना म्हणाले, "मना खाली सोडशील?"

"नाही काका, परवानगी नाही."

"मंग राहू दे. काडू नको. जी हाय ती राहू दे." दोन पावलं गेले आणि परत वळले. "पोरी, त्यान तुजा वाटा हाय का?" ती हसून नाही म्हणाली. नानांनी खिशात हात घातला. तिने हात जोडले. त्यांनी नोट तिच्या पेनाखाली सारली आणि तिथून पळ काढला.

वर येताना लिफ्टमध्ये मी त्यांना वायनचं सांगितलं. रांगेत आपण दिसलो, त्याचा अर्थ त्याने काय घेतला असेल ते. दुपारी नाना जेवायला बसले तर समोर सुरमई आली आणि ती तशीच परत गेली. मी नानांना दहा वर्षं ओळखते. सुरमई परत जाताना मी पहिल्यांदा पाहिली.

जेवणानंतर ते वायनला शोधायला निघाले. मागे मी, माझ्या मागे नानी. तीन कॉरिडॉर पालथे घातल्यावर तो टॉवेलांच्या कपाटापाशी सापडला. नानांनी त्याचा हातच धरला आणि अस्सल गव्हाणी भाषेत सुरू केलं. "वायंगनकर, मी काडाला गेलतू, खोटा नाय बोलत. पन तुजा काडाला नाय. मना तुला सोता देवाचा होता. मना खालच्या मानसांचा म्हाईत नवता. मी येडा हाय. बाई, सांगा त्याला, मी येडा हाय."

मी सांगितलं. वेडा हा शब्द तेवढा गाळला.

वायनने दुसऱ्या हातातला टॉवेल कपाटात ठेवला. मग म्हणाला, "बारा वर्षं बोटीवर आहे मी. त्या रांगेत उभे राहिलेले पाहुणे नंतर माझ्याकडे बघत नाहीत. तोंड चुकवतात. हे मला शोधत आले."

मी ते मराठीत सांगितल्यावर नानांनी नाक ओढलं आणि पाकीट काढलं. वायनने त्यांचा हात अडवला.

"नको. मला दुसरं काहीतरी हवंय."

"माग. काय पन माग."

"आज बेड मला करू द्या. तीन दिवस त्या मॅडमच करतायत. माझं काम राहून जातंय."

नानी नाही नाही म्हणत होत्या. नानांनी त्यांना दंडाला धरून खोलीतल्या खुर्चीत बसवलं. वायनने त्यांनी घातलेली चादर काढली, नवी घेतली आणि एकाच झटक्यात हवेत उडवली. ती पसरून अलगद खाली आली. त्याने एकेक कोपरा दुमडला, तळहाताने सुरकुती काढली. नानींना हातांचं काय करावं समजेना. आधी पदराशी चाळा केला, मग दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या नुसत्या बघत राहिल्या. आणि बघता बघता रडायला लागल्या.

वायन घाबरला. मी विचारलं, "काय झालं, नानी?"

"काय नाय, बाई." त्यांनी डोळे पुसले. हसतही होत्या. "लगीन होऊन आलू तवापासून सगल्यांचा अंथरून मीच घालताव. सासू-सासऱ्यांचा, दीरांचा, पोरांचा, यांचा. माजा कोनी घातला नवता. कसा वाटतंय ते म्हाईतच नवता."

नाना दारात उभे होते. वायनचं काम झालं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी पाकीट त्याच्या हातात दिलं. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मुंबईला उतरल्यावर गाडीत बसले तेव्हाही गप्प होते. कामोठ्याजवळ ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकलो, तरी गप्प. मला वाटलं, बोट लागली असेल.

आठवड्याने मी फोटो घेऊन खाली गेले. दार उघडंच होतं. सकाळची वेळ. नानी गॅलरीत खुर्चीवर बसून चहा पीत होत्या, पाय दुसऱ्या खुर्चीवर. मी कधी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"नाना कुठे गेले?"

त्यांनी हनुवटीने आतल्या खोलीकडे दाखवलं आणि पदर तोंडाला लावून हसू दाबलं.

आत नाना पलंगावर गुडघे टेकून चादरीशी झुंजत होते. बनियन घामाने भिजला होता. एक कोपरा खोचला की समोरचा सुटत होता. मला बघून जरा ओशाळले, मग सरळ म्हणाले, "आठ दीस झाले, बाई, जमत नाय. वायंगनकरान तो कोपरा कसा दुमडलान, तुमी बगितला व्हता का?"

"नाही, नाना. पण तुम्ही तर दारातच उभे होता. तुम्ही नाही बघितलं?"

नानांनी सुटलेला कोपरा पुन्हा हातात घेतला.

"मी तवा हिच्याकडं बगत व्हतू," ते म्हणाले.