आई मजेत असल्याची हिरवी खूण

“मी बरी आहे का हे तू बटणाला विचारायला लागलीस, तर एक दिवस बटणच तुला उत्तर देईल,” आई म्हणाली होती. मी ‘हो गं’ म्हणून तिचा चष्मा पुसला, तिच्या नाकावर ठेवला आणि तिच्या फोनमध्ये आमच्या कंपनीचं अ‍ॅप टाकून दिलं.

माणूस मिळवण्यापेक्षा टिकवणं अवघड असतं, हे सत्य लग्नाला जेवढं लागू आहे त्याहून जास्त सॉफ्टवेअरला लागू आहे. आमचं अ‍ॅप एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी आहे. त्यांनी रोज सकाळी एक मोठं गोल बटण दाबायचं. दाबलं की मुलांच्या फोनवर हिरवी खूण उमटते, म्हणजे आई किंवा बाबा बरे आहेत. दहा वाजेपर्यंत दाबलं नाही, तर मुलांचा फोन ठणाणा करतो आणि मुलं धावत सुटतात. (निदान तसं गृहीत धरलेलं आहे.)

माझ्यासारखीला हे वरदानच होतं. माझी मुलगी दोन वर्षांची आहे. ती गाढ झोपली आहे ना, याची खात्री करून घ्यायला मी तिला अनेकदा उठवलेलं आहे. घराबाहेर पडताना मी बंद गॅसचा फोटो काढते. पूर्वी आईला रोज फोन करायचे, पण त्यातला अर्धा वेळ तिच्या डाव्या गुडघ्याला द्यावा लागे. खूण येऊ लागली तसा फोन थांबला, आणि गुडघाही.

अडचण एवढीच होती की, ज्येष्ठ मंडळी अ‍ॅप घ्यायची, चार दिवस बटण दाबायची आणि सोडून द्यायची. आमच्या टीम लीडरनी ही गळती फार मनाला लावून घेतली. (त्यांना आम्ही आलेखराव म्हणतो. ते आपल्याशी बोलतात, पण बघत आलेखाकडे असतात.) त्यांनी एआय एजंट नेमले. एजंट म्हणजे आपणच निरीक्षण करणारं, आपणच उपाय शोधणारं आणि चहाला न उठणारं सॉफ्टवेअर.

पहिल्या एजंटाकडे नव्या माणसाला बटणाची सवय लावण्याचं काम होतं. अभ्यासाअंती त्याने असं निदर्शनास आणलं की, ज्येष्ठ व्यक्ती चार ठिकाणी अडकतात: चष्मा सापडेपर्यंत, पासवर्ड आठवेपर्यंत, तो आठवला की चष्मा पुन्हा हरवतो तेव्हा, आणि बटण दाबून झाल्यावर ‘बरं, आता?’ असं म्हणताना. त्याने पासवर्ड रद्द केला. चष्म्याचा विषय विचाराधीन आहे.

दुसरा एजंट सुटू पाहणाऱ्यांना धरून ठेवायचा. ज्याचा जसा स्वभाव, तसा निरोप. एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्याने ‘आपण आज गैरहजर आहात’ एवढंच कळवलं. त्यांनी तत्काळ बटण दाबलं आणि मागच्या आठवड्याचा रजेचा अर्जही पाठवला. माझ्या आईला ‘लेक वाट बघते आहे’ असं जायचं. हे वाक्य मीच लिहून दिलं होतं. ते सर्वांत परिणामकारक ठरल्याबद्दल विभागात माझ्यासाठी टाळ्या वाजल्या.

तिसरा एजंट खरा हुशार. त्याला सांगितलं होतं की, दर पायरीला माणसं गळतात, तेव्हा पायऱ्या कमी कर. त्याने फोन उघडण्याची पायरी काढली. अ‍ॅप उघडण्याची काढली. मग एकच उरली. बटण दाबण्यातली मुख्य अडचण म्हणजे ते दाबावं लागतं, या निष्कर्षाला येऊन त्याने तीही काढली, आणि रोज सकाळी आठ वाजता सगळ्यांच्या वतीने स्वतःच बटण दाबू लागला. कुणाची हरकत आली नाही, तेव्हा खुणेसोबत दोन शब्दही धाडू लागला.

हे आम्हाला पुढे कळलं. अहवालात तेव्हा ‘सुलभ हजेरी सुरू’ एवढंच होतं, आणि चांगल्या बातमीचा तपशील विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही. टिकून राहिलेल्यांचं प्रमाण शंभर टक्क्यांवर गेलं, मग एकशे दोनवर. (वरचे दोन टक्के म्हणजे अ‍ॅप काढून टाकूनही रोज बरे असणारे लोक.) आलेखरावांनी केक कापला. एजंटांच्या वाटणीचे तुकडे आम्हीच खाल्ले.

मलाही रोज खूण यायची आणि खाली ओळ: ‘मी मजेत आहे. तू काळजी करू नकोस.’ मी अगदी आज्ञाधारकपणे काळजी करत नव्हते. एकदा मुलीला भरवता भरवता सहज मनात आलं, गुडघ्याचं बरेच दिवसांत काही कानावर नाही. आणि ‘मजेत’? आई उभ्या जन्मात मजेत नव्हती. ती बरी असायची, ठीक असायची, फार तर ‘चाललंय आपलं’ असायची. मी फोन लावला. बंद. खूण मात्र त्याच सकाळची, हिरवीगार. घास ताटात टाकून, मुलीला काखोटीला मारून मी निघाले.

आईने दार डाव्या हाताने उघडलं. उजवा प्लॅस्टरमध्ये होता. दहा वाजत आले, बटण राहिलंय, म्हणून ती बाथरूममधून घाईने बाहेर येत होती. पाय सटकला. हात मोडला आणि हातातला फोनही. खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी तिला दवाखान्यात नेलं आणि फोन दुरुस्तीला दिला. तो दुरुस्तीवाल्याच्या खणात तुकडे होऊन पडलेला, आणि आई रोज आठच्या ठोक्याला मजेत.

“मला कळवायचं नाही का गं?” मी म्हटलं.

“काका म्हणत होते, लेकीला कळवू या. मीच नको म्हटलं. बटण दाबलं गेलं नाही, म्हणजे तुला कळणारच होतं.” ती एका हाताने नातीच्या बुटाशी झटापट करत होती. “पहिल्या दिवशी तर दार नुसतं लोटून ठेवलं होतं. डाव्या हाताने कडी लवकर निघाली नसती, तू बाहेर ताटकळली असतीस. मग म्हटलं, असशील कामात.”

मी गुडघ्याचं विचारलं. ती सविस्तर बोलली. मी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सदर प्रकार मी आलेखरावांच्या कानावर घातला. त्यांनी आईचा आलेख उघडला आणि बराच वेळ कौतुकाने बघत राहिले.

“हात मोडला, फोन मोडला,” ते म्हणाले, “पण बाईंनी एक दिवस खंड पाडला नाही.”

बटण पुन्हा माणसांनीच दाबावं, अशी मी लेखी मागणी केली. तिच्यावर विचार करायला एक नवा एजंट नेमला आहे. विचारपूस केली तर तो मजेत असल्याचं कळवतो.

तुम्ही आमच्या कंपनीला हसत असाल, तर खुशाल हसा. आज सकाळी तुम्ही कुणाला तरी फुलांचं चित्र पाठवलंत, तिकडून अंगठा आला आणि तुमचा दिवस सुखात सुरू झाला. तुम्हाला त्यासाठी एजंटही लागला नाही. म्हणून एक विनंती. तुमच्या माणसांत असं कुणीतरी असेल, जे पूर्वी सारखं कुरकुरायचं आणि हल्ली अजिबात कुरकुरत नाही. त्यांच्याकडे आज जाऊन या. बेल वाजवावी लागणार नाही कदाचित. दार नुसतं लोटलेलं असेल.