काळ्या किन्व्याच्या तेलाची मोहीम

धरणीमाय पाचामामा प्रसन्न. प्रथम तिच्या नावे चिचाचे, म्हणजे मक्याच्या दारूचे, चार थेंब भुईवर सांडून, कोकाची पाने गालात धरून, आणि सांडलेल्या थेंबांवरून कोंबड्या हाकलून, ही हकीकत लिहिली जाते ऐसीजे :

मिठाच्या सरोवराच्या उत्तरतीरी, तुनुपा पर्वताच्या छत्राखाली, काल्युमा नामे गाव. तेथे डोन्या बासिलिया कोल्के, काळ्या किन्व्याच्या, म्हणजे राजगिऱ्यासारख्या बारीक धान्याच्या, वंशपरंपरागत स्वामिनी, राज्य करीत होत्या. राज्य म्हणजे एक वाफा, काही लामा जनावरे, आणि नवरा डॉन तेओदोसियो, जो पूर्ण हुकमात होता. काळे बियाणे आईकडून आलेले, आईस तिच्या आईकडून; इतरांनी बाजाराच्या नादाने पांढरा दाणा धरला, आणि काळा एवढ्या एकाच घरी उरला. त्यातच गारठ्याने वाफा कापून नेला, आणि सारा वंश कोपऱ्यातल्या एका मडक्यात येऊन बसला.

मग गावसभेने फर्मान काढले की सामाईक रानात यंदा एकच वाण पेरावा, आणि ज्याच्या दाण्यात तेल व गुण अधिक तोच पेरावा, आणि निवाडा शहरच्या प्रयोगशाळेत व्हावा. पांढऱ्याच्या सरदार डोन्या प्रिमितिवा, बासिलियाबाईंच्या सख्ख्या नणंद. प्रयोगशाळेच्या इंजिनिअर वाल्दासाहेबांचा हुकूम सुटला की उभय पक्षांनी एकेक थैली दाणा रुजू करावा.

आता पाहुण्याच्या हाती सालीसकट कडू, फेसाळ दाणा ठेवणे ही काल्युम्यात केवढी नामोशी! सबब बाईंनी मसलत केली आणि दाणा भाजला, आणि दगडी कुंडात ओतला, आणि पांढरी माती मिसळली, आणि घागरा खोचून अनवाणी कुंडात उतरल्या. मग टाच मारली, मग चवडा मारला, मग वळून पुन्हा टाच. सालीची फळी फुटली. वाऱ्याने भुसा उधळला, तो कोंबड्यांनी मोठ्या निष्ठेने वेचला. मग पाण्यावर पाणी घातले, तो फेस शरण आला, आणि दाणा मोत्यासारखा

[येथील मजकूर कोंबडीने टोचून नेला. पुढचे पान लागते.]

निकाल भर सभेत वाचला गेला. पांढऱ्यात तेल बरे, काळ्यात नावाला. बाईंच्या डोळ्यांपुढे मडके उभे राहिले. नणंदबाईंनी टाच वर करून दाखवली.

"वहिनी, तुझ्या दाण्यापेक्षा माझ्या टाचेला जास्त तेल आहे गं!"

"वन्सं, मी निदान धुऊन तरी पाठवला. तुम्ही तसाच दिलात म्हणे. लाज नाही वाटली?"

"लाज कसली? कंटाळा आला होता."

वाल्दासाहेब दचकले. "धुतला? तुडवलासुद्धा? अहो बाई, दाण्याभोवती ती बारीक शेपटी असते ना, तो कोंब, तेल त्यातच. बाकीचे गुण सालीत. ते सगळं गेलं कुठे?"

सभेने दाराकडे पाहिले. दारात कोंबड्या फिरत होत्या. पिसे अशी चकाकत होती की आरसा पाहावा.

तेव्हा सभेने तह मांडला की काळ्यास आणखी एक संधी द्यावी, मात्र दाणा जसाच्या तसा यावा. येथे खऱ्या युद्धास तोंड लागले. ट्रक दुपारी येणार, थैली अंगणात, आणि कुंड चार पावलांवर. बाईंनी पाहिले की दाण्याला धूळ आहे. पाय आपोआप कुंडाकडे वळले, आणि मागे ओढले, आणि पुन्हा वळले. इतक्यात प्रिमितिवाबाई खुद्द चालून आल्या आणि थैलीवर बैठक मारली.

"वन्सं, हे काय?"

"धुतलेल्या दाण्याला हरवून मी कोणते दिवे लावले? ट्रक येईपर्यंत उठत नाही."

"निदान तेवढा एक खडा तरी काढू द्या."

"हात लावून तर बघ."

"अहो, लोक म्हणतील, कोल्क्यांची मुलगी घाणेरडा दाणा पाठवते."

"म्हणू देत. मला कायम म्हणतात, मी मेले का? जेवायला काय केलंयस?"

मग नणंदबाई थैलीवरच जेवल्या, आणि थैलीवरच पेंगल्या, आणि ट्रक आला तेव्हा बासिलियाबाईंनी डोळे घट्ट मिटून, मान फिरवून, धुळीसकट, खड्यासकट तो ऐवज हवाली केला. गावात एवढे शौर्य पूर्वी कोणी पाहिले नव्हते.

निकाल आला. तेलात काळा केसभर पुढे. सालीतल्या गुणांत पांढऱ्याची पुरती शिकस्त. सामाईक रानात काळा पेरला गेला, आणि रिकामे मडके बाईंनी स्वहस्ते पालथे घातले.

निकालाखाली वाल्दासाहेबांनी दोन ओळी जोडल्या होत्या, की पहिल्या थैलीत उरलेल्या दाण्याचे प्रयोगशाळेने सूप केले, आणि भांडे पुसून खाल्ले, तरी तसला धुतलेला आणखी मिळेल काय? एवढा मजकूर बाईंनी पुन्हा पुन्हा वाचून घेतला. तेलाचे आकडे एकदाही नाही.

"घे, आता तुडव त्यांच्यासाठी," म्हणत नणंदबाईंनी आपला पांढरा दाणा कुंडात ओतला आणि त्यांनीच आधी घागरा खोचला.

येणेप्रमाणे काळ्या किन्व्याची फत्ते झाली, ती नमूद केली. साक्षीस एका कुंडात दोघी नणंद-भावजय, आणि कोंबड्या, ज्या अद्याप चकाकतात.