कमळची गोळी मी बंद केली

घरात इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच, हे कमळचं दुर्दैव. (कमळ माझी बायको. मी केसरीनाथ, वडपे गावातल्या गोडाऊनमध्ये क्लार्क.)

२००६च्या दिवाळीनंतर तिचे गुडघे सुजले. नारपोलीच्या एका डॉक्टरांनी दुखण्या-सुजेवर गोळ्या दिल्या. खोक्यातला कागद मी मोठ्यानं वाचला : इतर औषधं चालू असल्यास डॉक्टरांना विचारा. कमळची थायरॉइडची गोळी सहा वर्षं चालू होती.

"मंग इचारा की," ती म्हणाली.

पण दवाखान्यात दोन तासांची रांग. (गोडाऊन माझ्यावाचून बंद पडेल, असा माझा समज होता.) मी घरीच निकाल दिला, "दोन्हींची पोटात मारामारी होईल. गुडघा दुखतोय तो दिसतो. थायरॉइड कुठं दिसतोय? ती गोळी बंद!"

गुडघे उतरले. मी खूश. मग कमळ हळूहळू शांत होत गेली. भांडेना. बसल्या जागी झोपायला लागली. आवाज घोगरा झाला, चेहरा सुजला. मी म्हटलं, बाळसं धरलंय.

"अहो, मला लई थंडी वाजते," ती म्हणायची. मी पंखा बंद करायचो आणि ऑफिसात सांगायचो, "तीन महिने घरात एक भांडण नाही!"

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिला जेवायला उठवायला गेलो, तर उठेना. हातपाय गार. "कमळ, अगं ऊठ, शिव्या दे मला!" मी ओरडलो. शेजाऱ्यांनी उचलून रिक्षात घातली. वाटेत मी सारखा तिच्या नाकाशी बोट धरून होतो.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "थायरॉइडची गोळी कुणी थांबवली?"

"मी."

"तुम्ही कोण?"

"क्लार्क."

बाई म्हणाल्या, "दोन्ही चालतात हो! थायरॉइडची सकाळी उपाशीपोटी, चहा अर्ध्या तासानं. दुखण्याची जेवल्यावर, तीही डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. विचारायचं फक्त! आता त्यांचं काही सांगता येत नाही."

तीन दिवस मी बाहेरच्या बाकावर होतो. आपण बायकोला मारलं, एवढंच डोक्यात.

चौथ्या दिवशी आत सोडलं. कमळनं डोळे उघडले. माझी वाढलेली दाढी, रडून सुजलेलं तोंड ती बघत राहिली. मग नर्सला म्हणाली, "सिस्टर, ह्यांना काय झालंय? काय गोळी देता का न्हाय?"

नर्स सलाईन बघत म्हणाली, "चाची, इनकी दवा अभी बनी नहीं."