डिस्क चढवायची होती

कॉम्प्युटरच्या बाबतीत मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणूनच बायको नको नको म्हणत असताना तिच्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून मी लिनक्स टाकलं. "फुकट आहे, झटपट चालतं, व्हायरसची कटकट नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

आता फक्त तिची बाहेरची डिस्क जोडायची होती. शाळेच्या नव्या इमारतीचे तिने काढलेले सगळे नकाशे त्या डिस्कमध्ये. संध्याकाळपर्यंत पाठवले नाहीत, तर काम दुसऱ्याकडे जाणार. तिची वायर सापडेना, म्हणून मी ऐटीत माझ्या मोबाइलची वायर लावली. डिस्कचा दिवा लागला. लॅपटॉपवर मात्र डिस्कचा पत्ताच नाही.

"अहो, माझे नकाशे?"

"डिस्कमध्येच आहेत. लिनक्सला ती दिसत नाहीये, एवढंच."

"मग दाखवा की त्याला."

मी कमांडवर कमांड मारल्या. लिनक्स ढिम्म. बायको रडकुंडीला आली आणि मला घाम फुटला. गडबड ऐकून सासरे बाहेर आले. "काय झालं, जावईबापू?"

डिस्क जोडून घेण्याला लिनक्समध्ये 'माउंट' म्हणजे चढवणं म्हणतात, पण ते त्यांना काय कळणार? मी सोपं करून सांगितलं, "बाबा, डिस्क चढत नाहीये. एकदा वर चढली की काम फत्ते."

"हात्तिच्या, एवढंच ना?"

मी तोंडावर पाणी मारायला गेलो. परत येऊन बघतो तर सासरे स्टुलावर आणि डिस्क कपाटाच्या डोक्यावर. माझी वायर तिथवर पोचेना, म्हणून त्यांनी स्वतःच्या मोबाइलची लांबलचक वायर लावली होती.

"अहो बाबा, चढवायची म्हणजे..." मी कपाळाला हात लावला.

"आले! सगळे नकाशे आले!" बायको ओरडली.

नकाशे वेळेत पाठवून झाले. तासाभरात फोन आला, काम तिलाच मिळालं. तोवर माझ्याही डोक्यात प्रकाश पडला होता. माझी वायर नुसती चार्जिंगची. तिच्यातून वीज जाते, फाइल जात नाही. म्हणजे लिनक्स बिचारं निर्दोष होतं. जिंकलो होतो मी! हे सगळ्यांना समजावून सांगायला मी घसा खाकरला, पण बायको वडिलांच्या गळ्यात पडली होती.

"बाबा, आता डिस्क खाली घ्यायची ना?"

"ते जावईबापूंना सांग," सासरे स्टूल माझ्याकडे सरकवत म्हणाले. "चढवायचं काम अवघड असतं. उतरवणं त्यांनाही जमेल."