दुकानाची फाईल

ताईने सकाळी फाईल उघडली, तर तिच्या वाक्यापुढे एक शब्द वाढलेला. आदल्या दिवशी तिने लिहिलं होतं, ‘सहा वर्षांची असताना मी एकटीने पहिली वही शिवली.’ आता पुढे होतं, ‘उलटी.’

बाबांचं पुस्तकबांधणीचं दुकान बंद होऊन बारा वर्षं झाली होती. त्यांना ऐंशी पूर्ण होतील तेव्हा दुकानाच्या आठवणी छापून त्यांच्या हातात द्यायच्या, असं ताईने आणि धाकट्याने ठरवलं होतं. दोघांनी आपापलं लिहायचं आणि शेवटी एकत्र करायचं. ताईच्या नवऱ्याची, म्हणजे दाजींची, नोकरीच संगणकांची देखभाल करण्याची. त्यांनी बाबांच्या घरातल्या संगणकावर सगळ्यांना आपापला फोल्डर करून दिला आणि बाबांनी पूर्वी लिहिलेली चार पानं सुरुवातीला घालून दिली.

ताईने ‘उलटी’ खोडलं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं. हा उद्योग धाकट्याचाच, अशी तिची खात्री पटली. तिकडे धाकट्याने लिहिलं होतं, ‘दुकानातली कात्री मी कधी हरवली नाही.’ त्याचं झालं होतं, ‘दोनदा हरवली.’ हे ताईशिवाय कोणाला ठाऊक असणार? शिवाय ताईची खळीच्या वासावरची दोन पानं त्याच्या फाईलमध्ये आपोआप येऊन बसली होती. ती त्याला मनापासून आवडली होती, पण हे काही त्याने तिला सांगितलं नाही. ताईच्या फाईलमध्येही त्याचा मजकूर दिसत होता; तो त्यानेच घुसवला, असं ती धरून चालली होती.

आठवडाभर बहीणभाऊ एकमेकांशी मोजकंच बोलत होते. शेवटी ताईने रागाने आपली फाईल पुसून टाकली आणि धाकट्याची उघडून पाहिली. तिची दोन्ही पानं तिथे जशीच्या तशी होती.

“माझं सगळं ढापलंस?”

“तूच आणून टाकलंस की.”

दाजींना बोलावणं गेलं. त्यांनी दोन मिनिटं पडद्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. वेगवेगळ्या प्रती करण्याऐवजी त्यांनी एकाच फाईलला प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये वेगळं नाव जोडून दिलं होतं. एक नाव पुसलं तरी फाईल दुसऱ्या नावाने राहते. आणि घरच्यांचा एक गट करून त्या गटातल्या सर्वांना लिहायची परवानगीही त्यांनीच दिली होती.

“पण ‘उलटी’ मी लिहिलेलं नाही,” धाकटा म्हणाला.

“आणि मी कात्रीचं नाही लिहिलं.”

कोणी लिहिलं हे फाईल सांगत नव्हती. शेवटचा बदल दुपारी तीनचा होता, एवढंच दिसत होतं. त्या वेळी ताई शाळेत शिकवत होती आणि धाकटा कारखान्यात होता. ताईने आपलं नाव पुसल्यावर एकच उरायला हवं होतं, पण फाईलला अजून दोन नावं दिसत होती. दाजींनी कपाळाला हात लावला. सगळ्यांचे फोल्डर करताना त्यांनी बाबांचाही केला होता.

बाबा आतल्या खोलीत चष्मा पुसत बसले होते. विचारल्यावर त्यांनी काही लपवलं नाही. “तुम्ही चुकीचं लिहीत होता. मी दुरुस्त करत होतो,” ते म्हणाले.

दाजींनी लगेच उपाय सुचवला: दोघांना खऱ्याखुऱ्या वेगळ्या प्रती करून देतो, आणि बाबांना फक्त वाचता येईल असं करतो. ताईने धाकट्याकडे पाहिलं. आठवड्यात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

“राहू दे, दाजी,” धाकटा म्हणाला.

मग दाजींनी फक्त ताईचं नाव फाईलला पुन्हा जोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी ताई शाळेतून परस्पर बाबांकडे आली. फाईलच्या शेवटी नवा मजकूर होता. आईला जाऊन सात वर्षं झाली होती, आणि तिने हे मुलांना कधी सांगितलं नव्हतं.

‘तुमची आई पहिल्यांदा दुकानात आली ती फाटकं पुस्तक बांधून घ्यायला. पुस्तक चांगलंच होतं. घरून निघताना तिने ते स्वतः फाडलं होतं. पुढे आणखी चार फाडली.’

संध्याकाळी धाकट्याने ते वाचलं, मग दाजींनी. बदल करायची परवानगी सगळ्यांना होती. त्या चार ओळींना मात्र कोणी हात लावला नाही.